तिसऱ्या लघुपटातली खुर्ची

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्याला सगळे ‘कात्री’ म्हणत. सिनेमा कोणाचाही असो, कात्रीच्या परीक्षणातून तो धडधाकट बाहेर पडत नसे, आणि याचं त्याला कोण कौतुक. पुरस्कारासाठी नामांकन मिळालेले पाच लघुपट दरवर्षी त्याच्याकडेच येत. ते तो आधी आवाज बंद करून बघे. संवाद आणि संगीत माणसाला भुलवतात, चित्र तेवढं सरळ वागतं, हे त्याचं ठाम मत. दुसऱ्यांदा तो आवाज लावायचा, पण तोवर निकाल लागलेला असे.

यंदाचा तिसरा लघुपट बारा मिनिटांचा, एका वृद्धाश्रमाच्या जेवणघरातला, खऱ्या माणसांवर केलेला. त्याची आई दोन वर्षांपूर्वी अशाच एका आश्रमात वारली. तो तिथं एकदाच गेला होता, पाच मिनिटं टेकला होता, आणि आईनं त्याला ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारली होती. पुन्हा काही तो फिरकला नाही. ‘ती मला विसरली’ या एका वाक्यावर त्यानं आजवर निभावून नेलं होतं. तेही नसतं तर स्वतःला तोंड दाखवायची सोय नव्हती.

पडद्यावर एक पाठमोरी म्हातारी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवून बसली होती. कोणी बसायला आलं की तो हात आणखी घट्ट होई. कात्रीनं वहीत लिहिलं, ‘रिकामी खुर्ची. दिग्दर्शकाची घासून गुळगुळीत झालेली युक्ती. दोन तारे.’ तरी जेवताना ती पाठ काही डोळ्यांसमोरून हलेना. घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला.

दुपारी त्यानं आवाज लावला. ताटल्यांचा खणखणाट, कोणाचा तरी खोकला, आणि त्यातून अगदी स्वच्छ आवाज आला, "तिथं नका बसू हो. माझा मुलगा बसतो तिथं. सिनेमा बघायला गेलाय, येईल एवढ्यात."

गेलेली आई त्याच्या खोलीत बोलत होती. त्यानं मागे नेऊन पुन्हा लावलं. ती पुन्हा तेच बोलली, तेवढ्याच खात्रीनं. चौथ्यांदा ऐकवेना, तेव्हा त्यानं ताईला फोन लावला. आईचं सगळं तिनंच केलं होतं.

"ताई, आश्रमात शूटिंग झालं तेव्हा आईच्या शेजारची ती खुर्ची कॅमेरावाल्यांनीच ठेवली होती ना?"

"छे रे. रोज अडवून धरायची ती."

"पण ती मला विसरली होती."

"चेहरा विसरली होती तुझा. तू आहेस, हे नव्हती विसरली. किती वेळा सांगितलं तुला, तर म्हणायचास, ताई टोमणे मारते."

मग तो कसंबसं म्हणाला, "तू तर बसत असशील ना तिथं?"

"मला कुठली बसू देते," ताई म्हणाली. "शेवटपर्यंत उभ्यानंच भरवलं मी तिला."