टाकीतली नारळी पौर्णिमा

…तर रिक्षावाल्यानं मागं वळून दोनदा वास घेतला आणि विचारलं, "चाचा, मच्छी तो दिखती नहीं, बास किधर से आता है?" गुणाजी मेस्त्रीनं गुडघ्यांतला कॅन आणखी घट्ट दाबला. झाकण सैल झालं होतं आणि वर्सोव्याचं खारं पाणी सीटवरून खाली ठिबकत होतं. मरोळला उतरताना त्यानं मीटरवर चार पैसे जास्त दिले, स्वतःच्या रुमालानं सीट पुसली आणि कॅन खांद्यावर घेऊन जिना चढला. दारात जानकी उभी. तिनं शेजारणीला हाक मारून सांगितलं, "बघ गो, लोक दर्यावरसून बांगडे आणतत, आमच्या घोवान पाणी आणल्यान."

ही सुरुवातीची गोष्ट. पुढं किनाऱ्याचं पाणी घाण म्हणून त्यानं सोडलं आणि टाकीसाठी विकत मिळणारं पिशवीतलं मीठ गोड्या पाण्यात कालवून घरीच खारं पाणी करायला लागला. पण या माणसाला हा नाद लागला कसा, ते सांगायचं राहिलंच.

गुणाजी म्हणजे आचऱ्याकडचा. बाप लालबागच्या गिरणीत, आणि हा अंधेरीच्या एमआयडीसीत लेथवर. हात असा की धातू त्याच्यापुढं लोण्यासारखा वागायचा. एकदा कारखान्यात काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या नळीचं काम आलं. नळीला अशा खाचा, तशी भोकं. गुणाजीनं काम चोख केलं आणि घ्यायला आलेल्या माणसाला विचारलं, "साहेब, ह्याचं होणार काय?" तो माणूस म्हणजे मुलुंडचे विद्याधर सबनीस, विमा कंपनीत नोकरी. ते म्हणाले, "ह्यात खाऱ्या पाण्याचा फेस काढायचा. फेसाबरोबर घाण वर येते आणि कपात पडते." गुणाजीला ते पटेना. फेसानं घाण निघत असती तर गावच्या खाडीला एवढा फेस येऊन ती आरशासारखी नसती झाली? सबनीस हसले आणि म्हणाले, "रविवारी घरी या, डोळ्यांनी बघा."

तो रविवारी गेला आणि जो सबनीसांच्या मत्स्यटाकीच्या काचेसमोर बसला तो जेवायच्या वेळेपर्यंत उठला नाही. समुद्राकाठी जन्मलेला माणूस, पण समुद्राच्या आत काय चालतं ते त्यानं कधी बघितलंच नव्हतं. त्यानं बघितलेले मासे सगळे टोपलीतले. प्रवाळाची बोटं हलतात, दगडाला रंग असतो, मासा मान वळवून आपल्याकडं बघतो, हे त्याला उतारवयात मुलुंडच्या एका दिवाणखान्यात कळलं.

मग त्यानं शोकेस विकून हॉलच्या भिंतीलगत स्वतःची टाकी उभी केली. स्टँड स्वतः वेल्ड केला, फेस काढायचं यंत्र स्वतः कातलं. कुर्ल्याच्या माशांच्या बाजारातून नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली क्लाउन माशांची जोडी आणली, आणि त्यांना राहायला एक समुद्रफूल. मऊ बोटांचं ते जिवंत फूल, त्यात ती जोडी झोपायची. मागाहून प्रवाळ, एक निळा मासा आणि तळ साफ करणारी कोळंबीही आली.

जानकीला हे थेर वाटायचं. तिचा बाप देवबागचा, स्वतःची होडी असलेला. तिच्या लेखी मासा म्हणजे तव्यावर नाहीतर कढीत. पाहुण्यांना ती सांगायची, "ह्ये मासे खायचे नाय हां. ह्येंका आमीच खाऊक घालतो. माका जेवण उशिरा मिळाला तरी चालता, ह्येंका नाय चालणा." पण एक दिवस गुणाजीनं तिला सांगितलं की त्या जोडीत मोठी असते ती मादी, नर लहान आणि तिच्या धाकात. जानकीनं सूप खाली ठेवलं आणि प्रथमच काचेजवळ गेली. बराच वेळ बघून म्हणाली, "घराणा बरा असा. बायल पुढं, घो मागसून." त्या दिवसापासून तांदूळ निवडायची तिची जागा टाकीसमोर आली. निवडता निवडता ती मोठीशी बोलायची, सुनेच्या तक्रारी सांगाव्यात तशा शेजारणीच्या तक्रारी सांगायची. पाण्यात मात्र कधी बोट घातलं नाही. ते त्याचं खातं.

आता ह्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेकडं येऊ.

जानकीनं लग्नानंतर एक पौर्णिमा चुकवली नव्हती. कारखान्यातून गुणाजीला सुट्टी असो नसो, ती बायकांबरोबर वर्सोव्याला जायची आणि दर्याला नारळ द्यायची. बापाची होडी कधीच गेली, भाऊ रत्नागिरीला नोकरीत, दर्यावर जाणारं माहेरी कुणी उरलं नाही. पण नारळ द्यायचा म्हणजे द्यायचा. मग गुडघे गेले. गेल्या वर्षी जिन्यावरूनच परतली. ह्या वर्षी सकाळीच म्हणाली, "रिक्षा करून न्याल काय?" बाहेर पाऊस कोसळत होता, आणि त्याच दिवशी राखी, म्हणून गुणाजीला मुलुंडला शेवंतीकडं जायचं होतं, त्याच्या धाकट्या बहिणीकडं. तो म्हणाला, "पुढच्या वर्षाक जावया." तिनं छत्री आणून त्याच्या हातात दिली.

तो गेल्यावर ती घरात एकटी. तांदूळ निवडायला टाकीसमोर बसली आणि तिच्या मनात आलं, पाणी खारं आहे, मासे दर्यातले आहेत, लाटासुद्धा आहेत, मोटर लावून का होईना. मग दर्या आणखी कसला असतो?

ती उठली. न्हाली. कपाटातल्या साडीची घडी मोडली. काचेला हळदकुंकू लावलं, निरांजन ओवाळलं. नारळ फोडला आणि त्यातलं सगळं पाणी, थेंब न ठेवता, टाकीत अर्पण केलं. बापाच्या होडीला दूध दाखवायचे म्हणून फुलपात्रभर दूध घातलं. वर साखर-खोबऱ्याचा नैवेद्य. मोठी मासोळी वर आली आणि खोबऱ्याचा कीस तोंडात घेऊन फुलात गेली. जानकीला वाटलं, पोचला.

संध्याकाळी गुणाजी आला तेव्हा तिनं त्याला बूटसुद्धा काढू दिले नाहीत. हाताला धरून टाकीपुढं नेलं आणि सगळं सांगितलं. सांगताना चेहरा असा की जणू माहेरहून आली आहे. "तुमच्या मोठीन नैवेद्य घेतल्यान."

गुणाजीची नजर रिकाम्या फुलपात्राकडं गेली. गोड पदार्थ ह्या पाण्यात विष असतो, हे त्याला सबनीसांनी पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. पाण्यात डोळ्याला न दिसणारे जंतू असतात, एरवी ते कामाचे. पण साखर मिळाली की ते माजतात, वाढतात, आणि पाण्यातला प्राणवायू पिऊन टाकतात. त्यावर उपाय एकच. तिथल्या तिथं अर्धं पाणी काढायचं आणि नवं घालायचं. मीठ घरात होतं. पाणी पिंपात तयार होतं. बादल्या मोरीत होत्या.

पण तिनं घातलेलं पाणी उपसून मोरीत ओतायचं, ते तिच्यासमोर? इतक्या वर्षांत ह्या बाईनं त्याच्या टाकीला प्रथमच हात जोडले होते. काचेवरचं कुंकू अजून ओलं होतं. तो म्हणाला, "बरा केलंस." आणि मनात म्हणाला, थोडंसंच असेल, यंत्र काढील वर. मग शेवंतीनं दिलेला नारळीभात दोघांनी खाल्ला.

सकाळी पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं होतं. मागची भिंत दिसेना, प्रवाळ दिसेना. दिव्याखाली नुसतं पांढरं. आणि वर, अगदी पाण्याच्या कडेला, मासे तोंडं बाहेर काढून हवा गिळत होते. फेसाचं यंत्र उतू जाऊन फरशीवर आलं होतं.

गुणाजीनं दिवा बंद केला. दोन हवेचे पंप लावले. पिंपात होतं नव्हतं तेवढं पाणी घालून टाकीतलं बदललं. मग सबनीसांना फोन केला. जानकी पाठीशी उभी.

"पांढरं झालं म्हणजे जंतू माजले, मेस्त्री," सबनीस म्हणाले. "पाण्यात काय गेलं?"

"काही कळत नाही, साहेब."

"काहीतरी गेल्याशिवाय असं होत नाही. साखर? दूध?"

"काही कळत नाही," गुणाजी पुन्हा म्हणाला, फोन कानाशी घट्ट दाबून.

"बरं, आता पाण्यात काहीसुद्धा घालू नका. औषधसुद्धा नाही. माझ्याकडं पाणी कालवलेलं आहे, ते गाडीत घालून येतो."

मुलुंडहून मरोळ, त्यात पाऊस. गाडी पवईला अडकली ती अडकलीच. तोवर गुणाजी मगानं पाणी उचलून उंचावरून टाकीत सोडत राहिला, तेवढीच हवा मिसळेल म्हणून. एक खांदा भरून आला की मग दुसऱ्या हातात घ्यायचा. आधी तळाची कोळंबी गेली. मग निळा मासा.

जानकीनं हे सगळं बघितलं आणि तिला तिच्या परीनं कारण सापडलं. दर्या कोपला. कोपणार नाही तर काय, नारळ साधा होता, सोनेरी कागद लावला नव्हता. बसल्या जागी पूजा उरकली, पाय झिजवले नाहीत. ती कठडा धरून तीन मजले उतरली, वाण्याकडून नारळ आणला, तीन मजले चढली. सोनेरी कागद मिळाला नव्हता, म्हणून मिठाईच्या डब्याचा चकचकीत कागद गुंडाळला. आणि कोयता घेऊन टाकीपाशी आली.

गुणाजीनं तिचं मनगट धरलं. "पाण्यात काय घालू नको म्हणान सांगलंय ना."

आवाज असा चढला की पंखासुद्धा थांबल्यासारखा वाटला. उभ्या संसारात तो तिच्यावर ओरडला नव्हता. जानकीनं नारळ हळूच टेबलावर ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. तिथं भांड्याचा आवाज झाला नाही, नळाचा झाला नाही.

सबनीस आले तेव्हा दोन्ही हातांत कॅन, डोकं भिजलेलं. आल्याआल्या त्यांनी यंत्राचा कप काढून उजेडात धरला. फेसात खोबऱ्याचा कीस. काचेवर कुंकवाचं बोट. टेबलावर चकचकीत कागदातला नारळ. त्यांनी गुणाजीकडं बघितलं. गुणाजीनं डोळ्यांनीच स्वयंपाकघराकडं खूण केली आणि मान हलवली.

सबनीस चांगला माणूस. त्यांनी कप खाली ठेवला आणि आवाज चढवून म्हणाले, "अहो मेस्त्री, ही मोटर खराब झालेली दिसते. हल्लीच्या मोटरांचं काही खरं नाही. मोटरमुळंच झालं हे. माझ्याकडंही झालं होतं."

चांगल्या माणसाला खोटं बोलायचा सराव नसतो. ते गरजेपेक्षा मोठ्यानं बोलले, आणि भिंतीकडं बघून बोलले. आत जानकी ऐकत होती. तिचा बाप वादळात गेला तेव्हा ती लहान होती, आणि गावची माणसं अंगणात उभी राहून अशाच मोठ्या आवाजात म्हणाली होती, होडी मालवणला लागली असेल, येईल उद्या.

दोघांनी पाणी बदललं. उशीर झाला होता. समुद्रफुलाची बोटं गळून पाण्यात धागे तरंगायला लागले होते, तेही नासत होतं आणि पाणी आणखी पांढरं करत होतं. दुपारी मोठी आडवी झाली. धाकला तिच्या भोवती फिरत राहिला, तिला तोंडानं ढकलत राहिला, फुलाकडं, जिथं आता फूल नव्हतं. सबनीस काचेपासून उठले आणि गॅलरीत जाऊन पाऊस बघत उभे राहिले. दिवेलागणीच्या आत धाकलाही गेला.

जाताना सबनीसांनी गुणाजीच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "दगड तेवढे ठेवा. त्यांच्यात जीव असतो, पुन्हा उभं करता येतं." गुणाजीनं मान डोलावली. उभं करायचा विचार त्याच्या मनात नव्हता.

त्यानं एकेक बटण बंद केलं. हवेचे पंप, लाटांची मोटर, यंत्र. घरात एवढी शांतता ह्या कित्येक वर्षांत झाली नव्हती. घड्याळ चालतं हे त्याला तेव्हा कळलं. मोठीला आणि धाकल्याला त्यानं हातरुमालात घेतलं. ज्या बाईनं आयुष्यभर सुरीखाली मासे घेतले, ती दारात येऊन उभी राहिली आणि तिला त्या रुमालाकडं बघवेना.

तिला सांगायला बरंच काही त्यानं तयार ठेवलं होतं. मोटर जळाली. वीज गेली होती. मासे म्हातारे झाले होते. सबनीसांनी रस्ता करून दिलाच होता, त्यावरून नुसतं चालायचं होतं.

जानकी पाटावर बसली. गुडघे दुमडेनात, म्हणून एक पाय लांब केला. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"खरा सांगा," ती म्हणाली. "मोटरीचा माका सांगू नकात. माझ्या नारळान मेले?"

गुणाजीनं रुमाल मांडीवर ठेवला. तिच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "होय गे, नारळान मेले. माका काल संध्याकाळीच कळला होता, पाणी बदलूक व्हया म्हणान. पण तू हात जोडलंस, ता पाणी मोरीत ओतूक माझो हात धजलो नाय. खऱ्या दर्यात मुंबईभरचे नारळ पडतत, तेका काय होणा नाय. तुझो नारळ बरोबर होतो. माझो दर्या ल्हान होतो."