मागच्या बाकावर बसवलेली सारिका

नागसेन गेली अठरा वर्षं नसरापूर ते विंझर वडाप चालवतो. जीप जुनी, पण रस्त्यातला खड्डान्‌खड्डा त्याच्या हाताला पाठ. माणसंही पाठ. पुढच्या सीटवर शाळेचे दोन गुरुजी, मधे बायाबापड्या, आणि उरलेले मागच्या दोन आडव्या बाकांवर, गुडघ्याला गुडघे लावून. गाडी भरल्याशिवाय हलायची नाही आणि भरली कधी म्हणायचं हे तोच ठरवायचा.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी विंझरची सारिका सासूबरोबर स्टँडवर आली. सातवा महिना होता, नसरापूरला तपासणी करून दोघी घरी निघाल्या होत्या. पुढच्या दाराशी थांबून ती म्हणाली, "दादा, आज पुढं बसू द्या. मागं लई हिसके बसत्यात."

सीट मोकळीच होती. गुरुजी अजून यायचे होते. पण रोजची गिऱ्हाइकं नाराज व्हायला नकोत, म्हणून नागसेन म्हणाला, "ती जागा भरलीया ताई. मागं बसा, अर्ध्या तासाची तर वाट."

सारिका मागच्या दाराकडं गेली. मागं चढताना तिला दोन बायांनी हात धरून वर घेतलं, ते त्यानं आरशात पाहिलं आणि नजर काढून घेतली.

आंबवणे गावाच्या पुढं एक कुत्रं आडवं आलं. नागसेननं करकचून ब्रेक दाबला. बाकावर आडवी बसलेली सारिका घसरली आणि मधल्या सीटमागच्या लोखंडी दांड्यावर पोटाच्या बाजूनं आदळली.  पोटाला हात लावून ती तशीच बसून राहिली. सासू अक्काबाई एवढंच म्हणाली, "गाडी मागं फिरवा."

पुढच्या सीटवरचे दोन्ही गुरुजी लगेच खाली उतरले. सारिकाला पुढं बसवताना त्यातले एक नागसेनला म्हणाले, "आधी सांगायचं होतं. आम्ही मागं बसलो असतो."

नसरापूरच्या दवाखान्यात बाळाचे ठोके नीट लागले, तरी लक्ष ठेवायला तिला दोन दिवस ठेवून घेतलं. कशी बसली होती, असं नर्सनं विचारलं. अक्काबाईनं सांगितलं तसं ती म्हणाली की यापुढं आडव्या बाकावर बसवू नका. तोंड पुढं असावं, पाठ टेकावी, पाय खाली नीट टेकावेत, आणि पट्टा लावायचा तो पोटावरून नाही, पोटाखालून, मांड्यांच्या वर. नागसेन दाराशी उभा राहून ऐकत होता. त्याच्या गाडीतले पट्टे सीटकव्हरखाली कधीचे दाबलेले होते. हे झालं कसं, या प्रश्नाला अक्काबाई म्हणाली, कुत्रं आडवं आलं. तिनं पुढची जागा मागितली होती हे कुणीच सांगितलं नाही. त्याच्याही तोंडून ते निघालं नाही.

 त्याच आठवड्यात रविवारी नागसेन सारिकाच्या घरी गेला. सारिका भिंतीला उशी लावून बसली होती. तो उंबऱ्यापाशीच टेकला. "जागा मोकळी व्हती. म्या खोटं बोललो."

"ठावं हाय मला," सारिका म्हणाली. "मी चढल्यावर गुरुजी आले, ते म्या बगितलं."

"मग दवाखान्यात का बोलला न्हाईत?"

"पोटातलं हालतंय का न्हाई, त्येच्याकडं ध्यान व्हतं माजं."

अक्काबाईनं चहा दिला. त्यानं उठून तो उभ्यानंच प्यायला.

नागसेननं पट्टे उपसून साबणानं धुतले. मागं तो दोन माणसं कमी घ्यायला लागला. पोटुशी बाई दिसली की तो स्वतः उतरून पुढचं दार उघडतो. गुरुजीही आता त्याच्याआधी सरकतात.

डिसेंबरात सारिकाला मुलगी झाली, चांगली तीन किलोची.  मुलीला डोस द्यायला सारिका महिन्याच्या महिन्याला नसरापूरला येते. त्याची जीप समोर उभी असली तरी ती एसटीची वाट पाहते, कधी तास, कधी दीड तास. नागसेन तिला हाक मारत नाही. पुढची सीट मोकळी ठेवून थोडा वेळ थांबतो, मग गाडी काढतो.