अर्जातली कौशल्या, सहीतली अहल्या

दिनांक १२ ऑगस्ट १९२६. बडोद्याच्या रावपुऱ्यातील काकड्यांच्या घरातली जिवंत माणसे तीन : घरात दोन, समुद्रापलीकडे एक.

घरात होत्या त्या येसूबाई आणि त्यांची सून अहल्या. पलीकडे, नैरोबीच्या रेल्वे कारखान्यात, येसूबाईंचा मुलगा दत्ताजीराव. काकड्यांच्या तीन पिढ्या सरकारी पागेत गेल्या. पागा कमी झाली तेव्हा चौथ्या पिढीने रंधा हाती घेतला. दत्ताजीराव सुतारकाम शिकून १९२१ साली आफ्रिकेला गेला आणि आगगाडीच्या डब्यांतली बाके बनवू लागला. दर दोन महिन्यांनी त्याचे पत्र येई. त्या दिवशी आलेले पत्र मात्र त्याच्या खोलीतल्या सोबत्याने लिहिले होते. ताप उलटला आहे, लघवीतून रक्त जाते, डॉक्टर फार तर चार-सहा महिने सांगतात, जवळ आपले माणूस असावे. तळाशी दत्ताजीरावाने स्वतः तीन शब्द खरडले होते : "जमले तर ये."

अहल्या एकोणतीस वर्षांची होती. मूलबाळ नव्हते. पत्र वाचून तिने सासूला ऐकवले आणि घडी घालून ठेवता ठेवता म्हणाली, "मी जाते, आत्याबाई."

"जा," येसूबाई म्हणाल्या. "माझ्यासाठी थांबू नकोस. मला दोन पोळ्या लागतात, त्या शेजारची निरुपमासुद्धा करपवून देईल."

महायुद्धापूर्वी मुंबईच्या धक्क्यावर तिकीट काढले की माणूस बोटीत चढे. युद्धानंतर पासपोर्टावाचून कोणी चढू शकत नसे. बडोद्याच्या रयतेला हा पासपोर्ट बडोदे देत नसे. ही बाई आमची आहे एवढे बडोद्याने लिहून द्यायचे, ते कागद वरच्या इंग्रज कचेरीने तपासायचे आणि मग मुंबईहून परवाना यायचा. ज्या राज्यात ती जन्मली त्या राज्याला तिला बाहेर पाठवण्याचा अधिकार नव्हता, आणि ज्यांना अधिकार होता त्यांनी तिला कधी पाहिले नव्हते.

कचेरीत हे काम पाहणारे कारकून गणपतराव काकड्यांच्याच गल्लीत राहत. त्यांनी तिला खुर्ची दिली, इंग्रजी अर्ज पुढे ओढला आणि विचारले, "वहिनी, वयाचा पुरावा काय आणला?"

तिने पदराखालून शाळेचा दाखला काढला. राज्यात शिक्षण सक्तीचे झाले त्याच वर्षी तिला शाळेत घातले होते. त्या वर्गातल्या सतरा मुलींपैकी चौथीपर्यंत पोहोचलेल्या पाचांत ती होती. तिच्या मालकीचा सरकारी कागद हा एवढाच.

"वा! अक्षर बघा मास्तरांचं," गणपतराव म्हणाले. दाखल्यावर कौशल्या हे तिचे माहेरचे नाव होते, तेच त्यांनी अर्जात भरले. मग सहीची जागा दाखवली. टाक घेऊन तिने बाळबोध अक्षरांत सही केली : अहल्या दत्ताजीराव काकडे. नैरोबीहून आलेल्या प्रत्येक मनिऑर्डरीवर ती हीच सही करी. गणपतरावांनी सहीवर टीपकागद दाबला. त्यांच्या आईची, बायकोची, सुनेची, सगळ्यांची दोन-दोन नावे होती. त्यांना त्यात वावगे काय दिसणार?

पाच आठवड्यांनी अर्ज परत आला. वर एका ओळीचा शेरा होता : अर्जदार आणि सही करणार या दोन भिन्न व्यक्ती दिसतात, खुलासा व्हावा.

येसूबाईंनी तो शेरा सुनेकडून दोनदा समजावून घेतला आणि म्हणाल्या, "म्हणजे अर्ज कौशल्येनं केला, सही अहल्येनं केली. मग गं, माझ्या मुलाशी लग्न केलं ते कोणी?"

अहल्या हसली. त्या महिन्यात ती हसल्याचे निरुपमाने एवढे एकदाच पाहिले.

नवा अर्ज अहल्या या नावाने करावा, तर त्या नावाचा वयाचा पुरावा नव्हता. कौशल्या या नावाने करावा, तर त्या नावाला नवरा नव्हता. दत्ताजीरावाच्या तिकडच्या कागदांत पत्नीचे नाव अहल्या होते. वरून सांगण्यात आले की लग्नात हजर असलेल्या एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाने शपथेवर लिहून द्यावे की कौशल्येचे नाव बदलून अहल्या ठेवल्याचे त्याने प्रत्यक्ष पाहिले.

आपल्याकडे हे नाव तांदळात ठेवतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नाव लिहायचे, सर्वांनी साखर खायची. नंतर ते तांदूळ भटजींच्या उपरण्यात जातात. बाईचे पहिले नाव पुसून दुसरे देण्याचा एवढा मोठा व्यवहार, आणि त्याची नोंद दोन घटकासुद्धा टिकू नये असे साधन आपण त्यासाठी निवडले आहे. हे आपल्याला कधी खटकले नाही, कारण त्या नोंदीची गरज बाईला पडेल असे कोणाला वाटले नव्हते.

भटजी वारले होते. अहल्येचे आईवडीलही नव्हते. ताटाजवळ उभ्या असलेल्या पुरुषांत उरले ते दत्ताजीरावाचे चुलतबंधू मल्हारराव, पागेतले निवृत्त जमादार. ते घरी आले. थोरल्या दिरासमोर अहल्या बोलत नसे. ती दाराआड उभी राहिली.

"मल्हारी, तू पाहिलंस ना ताट?" येसूबाईंनी विचारले.

"पाहिलं की, काकी. मी दत्ताच्या मागंच उभा होतो. अंगठी माझीच होती."

गणपतराव कागद मांडून बसलेच होते. "झालं तर मग. ताटात अहल्या हे नाव लिहिलेले मी पाहिले. इथं सही करा."

मल्हाररावांनी टाक उचलला नाही. "दत्तानं काहीतरी लिहिलं, ते मी पाहिलं. काय लिहिलं ते मला ठाऊक नाही. मला सहीपुरती अक्षरं येतात, गणपतराव. वाचता येत नाही."

"अहो, पण चौदा वर्षं याच नावानं हाक ऐकताय ना?"

"ऐकतोय. ऐकलं असं लिहा, करतो सही. वाचलं असं लिहाल तर गंगाजळ हातात घेऊन खोटं बोलणं होईल."

"जमादारसाहेब, तिकडे माणूस मरतोय!"

"माझा भाऊ आहे तो," मल्हारराव म्हणाले. "त्याच्यासाठी मान देईन. शपथ कशी देऊ?"

दाराआडून अहल्येचा आवाज आला. दिरासमोर ती पहिल्यांदाच बोलत होती. "भावोजी बरोबर बोलतात. वाचता येत होतं ते मला. ताट माझ्यापुढेच होतं. मी वाचलंय."

गणपतराव खाली पाहत म्हणाले, "वहिनी, स्वतःविषयी स्वतःची साक्ष चालत नाही."

मल्हाररावांना मी दोष देऊ शकत नाही. गणपतरावांना आणि त्या शेरा लिहिणाऱ्यालाही नाही. प्रत्येकाने आपापल्या जागी नेमके तेच केले जे त्याने करायला हवे होते. म्हणूनच या गोष्टीत सुटकेची फट सापडत नाही. लबाड माणूस असता तर त्याला काही देऊन वळवता आले असते.

"ऐकले" असे लिहिलेले प्रतिज्ञापत्र ऑक्टोबरात वर गेले. त्यानंतर अहल्या दर सोमवारी कचेरीत जाई. दारावरचा शिपाई तिला लांबूनच पाही. "बेन, कागळ नथी आव्यो. आवते सोमवारे आवजो." कागद आला नाही, पुढच्या सोमवारी या. पुढे पुढे तो नुसता हात हलवू लागला. कागद नक्की कुठे आहे हे विचारायला गणपतराव स्वतः एकदा वर गेले. विचाराधीन आहे, एवढे कळले.

दत्ताजीराव २७ नोव्हेंबरला वारला. पत्र यायला डिसेंबरची अखेर झाली. सोबत्याने लिहिले होते की शेवटचे आठ दिवस कोणीही खोलीत आले की तो विचारी, बोट लागली का? तिकडच्या लोकांनी रीतीप्रमाणे सर्व केले. मृत्यूच्या दाखल्यात पत्नी म्हणून अहल्या असे नाव होते. येसूबाई पुढच्या उन्हाळ्यात गेल्या.

मृत्यूचे पत्र आल्यावर लगेच, जानेवारीच्या पहिल्या सोमवारी, अहल्या पुन्हा कचेरीत उभी राहिली. कपाळ मोकळे होते. गणपतराव चटकन उठले. "वहिनी, आता कशाला? अर्ज मागे घेतल्याचं लिहून द्या, मी प्रकरण बंद करवतो."

"मागे घेणार नाही," ती म्हणाली. "जायचं नाही मला कुठे. मी एक आहे की दोन, एवढं त्यांनी लिहून द्यावं."

"असं उत्तर कोण देणार?"

"ज्यांनी विचारलं ते."

पुढे बावीस महिने ती महिन्यातून एकदा येत राहिली. मग गणपतराव सेवानिवृत्त झाले. नव्या कारकुनाला त्या अर्जाचा क्रमांक सापडला नाही. तिने तो त्याला तोंडपाठ सांगितला. त्याने तो टिपून घेतला. एका कन्याशाळेत मुलींना बाराखडी शिकवण्याची नोकरी तिला मिळाली. हजेरीपटावर तिने कोणते नाव लावले, हे मी विचारले नाही.

आज १९३४ साल आहे. अर्ज नामंजूर झालेला नाही, मंजूरही झालेला नाही. वरची कचेरी तिला एका ओळीचे उत्तर देणे लागते. ते दिलेले नाही.