जाऊबाईंच्या शेळीचं दूध

माझी लेक आजारी पडली की पहिली हाक ‘काकू’ अशी मारते. आई उशाशी बसलेली असते, कपाळावर तिचाच हात असतो, तरी हाक काकूला. ही काकू म्हणजे माझी थोरली जाऊ. मला याचा लई राग येतो आणि तो मी कधी लपवलाही नाही.

मी उपकेंद्रावर आरोग्यसेविका आहे. धारूरच्या घाटाखालची काही गावं आणि वाड्या माझ्याकडे आहेत. सकाळी निघायचं, दारोदार विचारायचं, ताप आहे का, कधीपासून, अंगावर पुरळ आलं का. बोटाला सुई टोचून रक्त काचेवर घ्यायचं, रांजणात-हौदात वाकून डासांच्या अळ्या बघायच्या. सगळ्या गावाचा ताप विचारून घरी यावं, तर लेक काकूच्या मांडीवर डोकं ठेवून निवांत झोपलेली. जाऊबाईंना मूलबाळ नाही. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गेले. त्यामुळे मला बोलायची सोय नव्हती. तोंड उघडलं की मीच वाईट.

पोळा झाल्यावर गावात डेंग्यू आला. दर दुसऱ्या घरात कुणीतरी पडलेलं. माझी लेकही पडली. पेशी कमी झाल्या म्हणून तिला धारूरला दवाखान्यात ठेवलं. मी रात्रभर सलाईनच्या थेंबाकडे बघत बसायची आणि दिवस उजाडला की गावात पळायची, कारण तापाचे नमुने घ्यायला दुसरं कुणी नव्हतं. दिवसभर लेकीजवळ जाऊबाई. त्यांनी काय केलं, तर घरून किटलीत शेळीचं दूध आणलं. त्यांच्या शेळ्या काळ्याभोर, कानावर पांढरे ठिपके. सकाळी धार काढायची आणि तसंच धारोष्ण दूध पोरीला पाजायचं.

“उकळून द्या हो, बाई,” मी म्हटलं.

“उकळलं की त्याचा गुण जातो. कच्च्या दुधानंच पेशी वाढत्यात,” जाऊबाई म्हणाल्या.

मी पुढं काही बोलणार, तेवढ्यात खाटेपाशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, “तू गावाला शिकीव. हितं नको.”

पेशी वाढल्या. त्या कोणत्याही दुधाशिवाय वाढतातच, तापाची ती रीतच आहे, हे मी शंभर जणांना समजावून सांगितलेलं. पण पोरगी हसत घरी आली आणि गावभर झालं, काकूच्या शेळीनं पोरगी वाचवली. मी जागून काढलेल्या रात्री कुठं गेल्या कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारात लोक पेला घेऊन उभे. जाऊबाई कुणाला नाही म्हणायच्या नाहीत, एक पैसा घ्यायच्या नाहीत. बाया जाताना मला म्हणायच्या, “नशीबवान हाय बाई तुमी, अशी जाऊ मिळाली.” माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

दिवाळी जवळ आली आणि लेकीला पुन्हा ताप येऊ लागला. पण हा ताप वेगळाच. सकाळी पोरगी चांगली, संध्याकाळ झाली की कणकण. मग असा घाम, की अंगातला फ्रॉक पिळून काढावा. कंबर दुखते, गुडघे दुखतात म्हणून रडायची. डेंग्यूची तपासणी केली, नाही. मलेरियाची काच स्वच्छ. टायफॉईडचं औषध दिलं, तेवढ्यापुरता उतार. पोरगी वाळत चालली. वरणभाताचं ताट पुढं ढकलायची आणि भिंतीला टेकून बसायची.

त्याच दिवसांत माझ्या फेरीत तशीच कहाणी आणखी दोन घरी ऐकली. एक पेन्शनीत निघालेले मास्तर, एक बाळंतीण होऊन माहेरी आलेली पोर. संध्याकाळचा ताप, घाम, कंबर. मास्तरांच्या ओट्यावर बसून मी नेहमीचे प्रश्न विचारत होते. बाहेरगावी गेलतात का, पाणी कुठलं, घरात जनावर आहे का. जनावर नव्हतं. मास्तर म्हणाले, “डेंग्यूत तुमच्याकडचं दूध तेवढं प्यायलो. लई उपकार झाले तुमच्या जाऊबाईंचे.” मी तशीच उठून त्या माहेरवाशिणीकडं गेले. तिनंही पेला नेलाच होता.

खरं सांगते, आधी मला बरं वाटलं. लेक तापानं फणफणतीय आणि मला बरं वाटतंय, की सापडली एकदाची, शेळीच आहे! मग आठवलं, उन्हाळ्यात त्यांची एक शेळी गाभडली होती, दिवस भरायच्या आत मेलेलं करडू पडलं होतं. जाऊबाईंनी उघड्या हातांनी ते सगळं उचललं, परड्यात पुरलं आणि दोन दिवस जेवल्या नाहीत. शेळ्या ज्यानं गाभडतात तो आजार कच्च्या दुधातून माणसालाही होतो, हे प्रशिक्षणात एकदा ऐकलं होतं.

घरी सांगितलं आणि जे व्हायचं तेच झालं. सासूबाईंनी तोंड फिरवलं. आमचे मालक म्हणाले, “अगं, तुला वहिनीचं चांगलं बघवत न्हाई, हे समद्यांना माहीत हाय. पण पोरीच्या दुखण्यातबी तेच काढायचं?”

बघवत नव्हतंच. पण मी जळते म्हणून शेळी निरोगी होत नाही ना! माझ्या पोरीचा जीव पणाला लागला होता आणि घरात चर्चा माझ्या स्वभावाची चाललेली. मी दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी मधे न बोलता ऐकून घेतलं आणि तिघांचं रक्त तपासायला अंबाजोगाईला पाठवायचं ठरवलं.

नमुना घ्यायच्या दिवशी जाऊबाई स्वतःच बाही वर करून समोर बसल्या. “माजंबी घे. मी रोज तेच दूध पिते. मंजी कळंल तुला, माजी शेळी चोख हाय.”

त्यांच्या दंडाला पट्टा बांधताना मी जरा जोरातच आवळला.

रिपोर्ट आले. लेकीला तोच आजार होता. मास्तरांना होता, त्या माहेरवाशिणीलाही होता. आणि सगळ्यांत जुना, अंगात मुरलेला, जाऊबाईंना होता. त्यांचा घाम, त्यांची कंबरदुखी आम्ही सगळे वयावर ढकलत आलो होतो. जनावरांचे डॉक्टर येऊन शेळ्यांचं रक्त घेऊन गेले. जाऊबाई दिवसभर गोठ्याच्या दारात बसून होत्या. तू बरोबर होतीस, असं घरात कुणी म्हणालं नाही.

दीड महिन्याच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यातल्या एका गोळीनं लघवी लाल होते, घाबरू नका, असं मी दोघींना आधीच बजावलं होतं. पहिल्याच सकाळी परसातून लेकीचा खिदळण्याचा आवाज आला. “काकू, तुझी जास्त लाल का माझी?” जाऊबाईही हसत होत्या. कितीतरी दिवसांनी पोरगी हसली होती. मी स्वयंपाकघरात गोळ्यांची पाकिटं कापत उभी. आजार मी शोधला, औषध मी आणलं, आणि गंमत त्या दोघींची. आता यांचं दुखणंसुद्धा एक झालं! तेव्हाही माझा जीव जळला.

लेक शाळेत गेल्यावर जाऊबाई गोळी घ्यायला आत आल्या. गोळी तळहातावर घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग खाली बघत म्हणाल्या, “एक इचारू का गं? ते माजे दोन... ते ह्यानंच गेले असतील का?”

तेव्हाही त्यांच्याकडं शेळ्या होत्या. मी एवढी दारोदार प्रश्न विचारत हिंडले, पण हा एक प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

“सांगता येत नाही, बाई,” मी म्हटलं. “असंल. नसंलही.”

“आसू दे,” त्या म्हणाल्या आणि पाण्याचा घोट घेऊन गोळी गिळली. पेला विसळून जागेवर ठेवला.

संध्याकाळी लेकीला थोडी कणकण आली. मी शेजारीच होते. तिनं डोळे मिटूनच हाक मारली, “काकू.”

जाऊबाई गोठ्यात होत्या, त्यांना ऐकू गेलं नाही. मी दारापर्यंत गेले आणि ओरडून म्हटलं, “बाई, बोलावतीय बघा तुमची पोरगी.” मग आत येऊन दूध उकळायला ठेवलं.