कोयतीची मूठ

लग्न होऊन मी श्रीवर्धनला आले तेव्हा मला सतरावं वर्ष होतं. एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. माहेर अलिबागकडचं. वडील सुतारकाम करत आणि हत्यारांवर त्यांचा फार जीव. कामावरून आले की रंधा, पटाशी, वाकस सगळं पुसून तेलाचा हात फिरवायचा, मगच पान वाढायचं. पात्याला तेल आणि लाकडी मुठीलाही तेल, म्हणजे लाकूड तडकत नाही. हे काम आम्हा मुलींकडे असे. ज्या घरात गंजलेलं हत्यार दिसतं त्या घरातली माणसं आळशी, असं वडील म्हणत, आणि मी ते खरं धरून चालले होते.

सासरी नारळ-सुपारीची वाडी होती. नारळ काढायला एक गडी येई. पन्नाशी उलटलेला, काटकुळा, बोलायला कमी. माडाला मिठी मारून मारून त्याच्या छातीवर आणि पोटऱ्यांवर घट्टे पडले होते. कमरेला मागच्या बाजूला लाकडी आकडा बांधलेला असे आणि त्यात कोयती अडकवलेली. वर पोचला की एका हाताने झावळीला धरायचं आणि दुसऱ्या हाताने, मागे न बघता, कोयती काढायची. तीस वर्षं तो आमच्या माडांवर चढत होता. त्याच्या हातून कधी काही निसटलं, असं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

त्या पावसाळ्यात त्याला हिवतापाने धरलं. आगबोटी बंद, मुंबईहून औषध यायची सोय नाही. दोन महिने तो अंथरुणातच होता. त्याची कोयती आमच्याकडे राहिली होती, गोठ्याच्या कुडाला खोचलेली. नवरात्र संपल्यावर त्याने निरोप पाठवला की आता बरं आहे, परवा येतो. तेव्हा मी ती कोयती शोधून काढली, आणि ती बघून मला लाजच वाटली. गोठ्यातली ओल आणि खारा वारा, दोन्ही तिने सोसलं होतं. पातं काळंठिक्कर, धारेकडे तांबडा गंज, बोट लावलं की पूड हाताला येई. मूठही सुकून चिरा पडलेली.

मी चिंच कोळून पात्याला थापली आणि दुपारभर तशीच ठेवली. मग नारळाच्या सोडणाने राख लावून घासली, हट्टी डाग विटेच्या पुडीने काढले. आंबट राहिलं की गंज परत धरतो, म्हणून कढत पाण्याने धुतली, चुलीशी धरून खडखडीत वाळवली. पात्याला खोबरेल चोळलं. मग मुठीला. ती इतकी कोरडी होती की तेल पीतच गेली. तीन वेळा लावलं, तिन्ही वेळा आत जिरलं. वरून पुसल्यावर हाताला काही लागेना. सासूबाई मागच्या दारी आल्या, त्यांनी पात्यात आपला चेहरा पाहिला आणि म्हणाल्या, "माहेरचं वळण चांगलं आहे हो." त्या सहसा असं बोलत नसत. मी दिवसभर त्या एका वाक्यावर तरंगत होते.

तो आला तेव्हा कोयती हातात घेऊन नुसता बघत राहिला. धार अंगठ्याने पाहिली आणि मान हलवली. पाच माड त्याने काढले. ऊन चढलं होतं, आजारातून उठलेला माणूस, घामाने निथळत होता. सहाव्या माडावर काम आटोपल्यावर नेहमीसारखी वरून हाळी आली, झालं म्हणून. खाली कुणी जायचं ते त्या हाळीनंतरच, असा आमच्याकडचा नियम. सासूबाई पुढे गेल्या, टोपली भरली, डोक्यावर घेतली आणि वळल्या. मी दहा पावलांवर होते.

आवाज झाला तो नारळ फुटल्यासारखा. सासूबाई उभ्याच्या उभ्या खाली बसल्या. टोपली डोक्यावरच होती. आणि टोपलीतल्या वरच्या नारळात कोयती रुतली होती. अर्ध्याहून जास्त पातं आत. मूठ वर, अजून थरथरत असलेली.

मला ओरडता आलं नाही. मी धावलेही नाही. मी त्या पात्याकडे बघत होते, उन्हात ते इतकं चकचकत होतं. टोपली वीतभर इकडे असती तर काय, हे मला कळत होतं आणि कळूनही डोक्यात शिरत नव्हतं. सासूबाईंचे डोळे उघडे होते. त्या हळूच म्हणाल्या, "काय पडलं गं?"

मामंजी, माझे सासरे, विहिरीकडून आले. त्यांनी टोपली उतरवली आणि कोयती पाहिली. गडी खाली आला तो अक्षरशः घसरत, छाती सोलवटून. आकड्यात परत अडकवताना कोयती त्याच्या हातून निसटली होती. सासूबाईंच्या पायांशी बसला. मामंजींनी त्याला सांगितलं की या वाडीत पुन्हा पाय ठेवू नकोस. आपला उजवा हात तो समोर धरून बघत होता. "हातच गेला माजा," एवढंच म्हणाला आणि कोयती न घेताच निघून गेला.

नारळातून ती मी उपसायला गेले. मूठ धरली आणि ती माझ्या मुठीतून सुळकन फिरली. घामाने, उन्हाने आत जिरलेलं तेल वर आलं होतं. खोबरेलाचा वास. तिथेच उभी राहून मी थिजले. आधी जो धक्का बसला होता तो यापुढे काहीच नव्हता.

मी कुणाला सांगितलं नाही. सासूबाईंची मान धरली होती, त्यांना वळता येत नव्हतं. कोमट तेलाने मी ती चोळत होते. तिसऱ्या दिवशी बातमी आली की गड्याने चढायचा दोर आणि आकडा चुलीत घातला. आता माड चढणार नाही म्हणतो. तेव्हा चोळता चोळता मी सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, त्या वाटी भिरकावतील. त्यांनी ती हाताने बाजूला सारली. मग म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? ज्याला सांगायचं त्याला सांग." मामंजींना त्यांनीच बोलावून घेतलं.

मामंजींबरोबर मी समुद्राकडच्या त्याच्या झोपडीवर गेले. तो ओटीवर बसला होता, तापात होता त्याहूनही खंगलेला. मी कोयती पुढे ठेवली आणि जे केलं ते सांगितलं. मामंजींनी हात जोडले. त्याने मूठ धरली, घट्ट दाबली, नाकाशी नेली. मग तो तोंड झाकून रडायला लागला.

"म्हंजे हात माजा हाय अजून," तो म्हणाला.

मी सुटले असं वाटलं तेवढ्यात त्याने माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "तीन दिवस लागले वयनी तुमाला?"



नंतर त्यानेच, मी विचारलं नसताना, समजावलं. पात्यावरचा काळा डाग चिकाचा असतो, तो राहू द्यावा, त्याने लोखंड टिकतं. तांबडं तेवढं काढायचं. तेल पात्यालाच. मूठ वाळूने घासून खरबरीत ठेवायची, चिरली तर नवी बसवायची. सुताराचं हत्यार जमिनीवर चालतं, माड चढणाऱ्याचं वर चालतं, एवढा फरक आहे, असं तो म्हणाला. ती मूठ त्याने काढून टाकली आणि दुसरी घातली.

दिवाळीनंतर तो पुन्हा आला. मला वाडीत उभं राहवलं नाही. मी स्वयंपाकघरात बसून नारळ पडल्याचे आवाज ऐकत होते, आणि प्रत्येक आवाजाला माझी मान आपोआप खाली जात होती. सगळे माड झाल्यावर तो मागच्या दारी आला आणि पाणी मागितलं. मी तांब्या दिला. तो हिंदकळून पाणी त्याच्या पायावर सांडलं. त्याने ते पाहिलं, पाणी प्याला, तांब्या पायरीवर ठेवला आणि सासूबाईंची मान आता कशी आहे म्हणून विचारलं.