साहेबांचा भरोसा

परदेशातून पैसे येईपर्यंत बिलावर उचल देण्यासाठी वाशीमच्या बँकेत एक साहेब बसतात. ते आधी चहा पाजतात, मग नकार देतात.

माझी हळद जर्मनीला पोचली होती. तिचे पैसे तीन महिन्यांनी येणार होते आणि मजूर मात्र आजच दारात बसले होते.

"गिऱ्हाइकाचा जामीनदार आना, वाशीमचा," साहेब म्हणाले.

"जर्मन माणसाले इथं कोन ओळखते?"

"मंग मी काहून ओळखू?"

मी चिडून तिथूनच गिऱ्हाइकाला व्हिडिओ कॉल लावला. साहेब शर्टाचं वरचं बटण लावून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "पैसे देशीन ना रे बाप्पा?" काहीच न समजल्यामुळे तो गोरा हसून मान डोलावू लागला.

"घरंदाज दिसते," म्हणत साहेबांनी बिलावर शिक्का मारला. मग माझ्याकडे वळले. "पन तुमचा काय भरोसा? सातबारा आना."