रिंगवरून परतलेला चेंडू

रंजीता मांदाडे मूल शहराजवळच्या ढिवरांच्या गावातली. बाप लटारू तलावात जाळं टाकायचा. सातवीतच ती बापापेक्षा उंच झाली आणि त्या उंचीपायीच चंद्रपूरच्या क्रीडा वसतिगृहात तिची निवड झाली. बास्केटबॉल तिनं त्याआधी पाहिलाही नव्हता.

तिचा नेम कधीच बसला नाही. पण दुसऱ्या कुणाचा चुकला की रिंगवर आदळून परतणारा चेंडू तिच्याच हातात यायचा. यालाच रिबाउंड म्हणतात. चेंडू हवेत असताना बाकीच्या पोरी वर बघत राहायच्या. रंजीता आधी विरुद्ध संघाची पोरगी शोधायची, तिला पाठीनं रेटून जागा धरायची आणि मगच उडी मारायची. या कामात कोपरांचा मार खावा लागतो. तिचे पुढचे दोन दात त्यातच गेले.

पुढं हैदराबादच्या एका व्यावसायिक संघानं तिला घेतलं. कोचनं पहिल्याच दिवशी बजावलं, की तू बास्केटकडे बघायचंच नाही. चेंडू काढायचा आणि दामिनीला द्यायचा. दामिनी नागपूरची, संघाची लाडकी नेमबाज. रंजीतानं सांगितलं तेच केलं. संघ जिंकत गेला आणि शहरभर दामिनीचे फोटो लागले.

एका वर्षी अंतिम सामन्याआधी रंजीताचा गुडघा सुजला. डॉक्टर विश्रांती घे म्हणाले. कोचनं इंजेक्शन द्यायला लावून तिला उतरवलं. अगदी शेवटी दामिनीचा नेम चुकला. रंजीतानं विरुद्ध संघाच्या दोघींच्या मधून उडी घेऊन चेंडू काढला, परत दामिनीकडे फेकला आणि खाली येताना तिच्या गुडघ्यात काहीतरी तुटलं. दामिनीनं या वेळी बास्केट केलं. सगळ्या पोरी रंजीताला ओलांडून दामिनीकडे धावल्या.

ऑपरेशननंतर तिनं आपल्या जागेबद्दल विचारायला कोचला फोन केला. उंच पोरी जंगलात पुष्कळ मिळतात, एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

पुढच्या हंगामात तो संघ सारखा हरला. चुकलेला चेंडू परत आणणारं कुणी नव्हतं. रंजीता घरी बसून मोबाइलवर सामने बघायची आणि खूश व्हायची.

"ते हरून राह्यले तं तुले काऊन बरं वाटते?" आई कमळानं विचारलं.

"आता समजन त्यायले."

पण कुणालाच समजलं नाही. दामिनीचा नेम गेला म्हणून कोचनं दामिनीलाच काढून टाकलं.

रंजीताला एटापल्लीच्या एका निवासी शाळेत खेळ शिकवायचं काम मिळालं. तिथं सोमारी नावाची माडिया आदिवासी पोरगी होती. रुंद खांदे, पायात ताकद. चेंडू कुठं पडणार हे तिला आपोआप कळायचं. रंजीतानं ते पहिल्याच दिवशी ओळखलं आणि त्या दिवसापासून तिला नुसता नेम धरायला लावला. परतणाऱ्या चेंडूमागं सोमारी धावली की शिक्षा म्हणून उन्हात उभं राहायचं.

"बाई, मले तं तो पकडालेच येते," सोमारी एकदा म्हणाली.

"म्हणूनच सोड तो. तू फेकाचं."

दोन वर्षं सोमारी फेकत राहिली. नेम काही बसला नाही.

नागपूरला निवड चाचणी झाली. एक चेंडू रिंगवर आदळून थेट सोमारीच्या डोक्यावर आला. तिनं अर्धी उडी घेतली, कडेला उभ्या रंजीताकडे पाहिलं आणि हात खाली केले. चेंडू दुसरीनं नेला.

यादीत सोमारीचं नाव आलं नाही. निवड करणाऱ्या बाई रंजीताला म्हणाल्या, की फेकणाऱ्या पोरी ढीगभर आल्यात. आम्हाला रिबाउंड घेणारी हवी होती, हिचे खांदे बघून आशा वाटली होती, हिला कुणी ते शिकवलं नाही का?

रंजीता नाही म्हणाली.

परतीची बस आलापल्लीला थांबली. मग सोमारीनं विचारलं, "बाई, माह्यं काय चुकलं?"

रंजीता खिडकीबाहेर बघत होती.

"नेम नाई बसला तुहा," ती म्हणाली.

सोमारीनं मान हलवली. दिवाळीच्या सुट्टीत ती गावी गेली आणि परत आली नाही. तिची जागा आता दुसऱ्या एका उंच पोरीला मिळाली आहे. रंजीता तिलाही नेमच शिकवते.